सीनेच्या काठी आपले स्वागत



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे अहिल्यानगरात, म्हणजे आमच्या तोंडच्या नगरात, मनापासून स्वागत करतो. मी कापडबाजारातला व्यापारी. इंग्रजी पद्यस्तोत्रांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तो इथे बसलेल्या विद्वानांचा. पण पाहुणा दारात आला की यजमानाने आपले घर दाखवावे, ही आपली रीत आहे.

१४९० साली भिंगारजवळ अहमद निजामशहाने बहामनी फौजेचा पराभव केला आणि चार वर्षांनी सीना नदीच्या काठी हे शहर वसवायला घेतले. कापूरवाडी, शेंडीकडून जमिनीखालच्या नळांनी त्याने व त्याच्या वारसांनी इथे पाणी खेळवले. त्या काळी नगरची तुलना कैरो-बगदादशी करीत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चांदबिबीने मोगलांपासून राखलेला किल्ला आपण उद्या पाहालच. त्याच किल्ल्यात १९४२ नंतर बंदिवासात असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला आणि मौलाना आझादांनी ‘गुबारे खातिर’मधली पत्रे लिहिली. ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ साली याच शहरात सुरू झाले. रेव्हरंड टिळकांची कर्मभूमी हीच. हे सगळे आपल्याला ठाऊक असेल. मला आज बोलायचे आहे ते सिंथिया फरार या बाईंबद्दल. त्यांचे नाव आमच्याच शहरात आज फार थोड्यांना माहीत आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

फरारबाई १७९५ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो या खेड्यात जन्मल्या. लग्न न केलेली बाई समुद्रापलीकडे एकटी मिशनच्या कामाला जाते, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकेतही नवलाची होती. १८२७ साली त्या मुंबईत उतरल्या. दहा वर्षे तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. तब्येत ढासळली म्हणून मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. पण १८३९ साली त्या परत आल्या, त्या थेट नगरला, आणि १८६२ च्या जानेवारीत इथेच त्यांनी देह ठेवला. तेवीस वर्षे! घरोघर जाऊन, आयाबापांची समजूत घालून त्यांनी आमच्या मुलींना पाटीवर अक्षर गिरवायला बसवले. १८४८ साली तरुण जोतीराव फुले पुण्याहून आपल्या मित्राबरोबर इथे आले, त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे सावित्रीबाईंनीही त्यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले, असे सांगतात. ती शाळा जिथे भरली तो पुण्याचा भिडेवाडा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि माहीत असायलाच हवा. पण त्या वाड्याकडे जाणारी एक वाट नगरवरून जाते, हे या व्यासपीठावरून सांगायची संधी मी सोडणार नाही.

आता परिषदेच्या विषयाशी याचा संबंध काय, असे काहींना वाटेल. सांगतो. फरारबाई ज्या न्यू इंग्लंडमधून आल्या, तिथल्या वसाहतीत छापलेले पहिले पुस्तक पद्यस्तोत्रांचेच होते. १६४० सालचे ते ‘बे साम बुक’. त्याच्या अकराच प्रती उरल्या आहेत आणि २०१३ साली त्यातली एक १ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलरना विकली गेली. त्याच्याही मागे १५६२ साली लंडनच्या जॉन डेने छापलेले स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांचे पुस्तक आहे. बायबलातली दीडशेही स्तोत्रे त्यात मापात बसवली, तीही बहुतेक आठ-सहा, आठ-सहा अक्षरांच्या साध्या लोकगीताच्या मापात. माप एकच, म्हणून चाल कुठलीही लावा. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्याही तोंडी बसावे अशी ही सोय. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, अशी पद्धत १६४४ च्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-नियमांत घातली गेली. ती पद्धत स्कॉटलंडच्या गेलिक भाषेच्या बेटांवर आणि अमेरिकेतल्या काळ्या बाप्टिस्ट चर्चमध्ये आजही जिवंत आहे, असे वाचले तेव्हा मला आषाढातली आमच्या दारावरून जाणारी दिंडी आठवली. पुढे एकाने ओळ सोडायची, मागे साऱ्यांनी धरायची.

बाकी थॉमस टॅलिस या संगीतकाराने आर्चबिशप पार्करच्या स्तोत्रांसाठी १५६७ साली केलेल्या नऊ चालींपैकी एकीवर व्हॉन विल्यम्सने १९१० साली साडेतीनशे वर्षांनी वाद्यरचना कशी उभी केली, हे तज्ज्ञ सांगतील. ती रचना मी गेले चार महिने रोज पहाटे दुकान उघडायच्या आधी ऐकतो. एवढेच म्हणतो, की इंग्रजी चालींवर बेतलेली गीते चर्चमध्ये म्हणताना नगरच्या मंडळींना आपल्या ओवी-अभंगाची ओढ लागली. त्यांच्यातल्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तन चर्चमध्ये आणले, टिळकांनी अभंग आणला. ज्या कारणाने स्टर्नहोल्डने लोकगीताचे माप घेतले, त्याच कारणाने.

आता आमच्या उणिवा. निवासाची सोय तीन ठिकाणी विभागली गेली, त्यामुळे काल रात्री काही पाहुण्यांना सामान घेऊन हिंडावे लागले. त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेल्या खोल्या वरच्या मजल्यावर निघाल्या. आज दुपारपर्यंत त्या बदलून देऊ. आंघोळीचे गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढेच मिळेल. पायपेटीचा एक भाता काल फाटला, कारागीर रात्रभर बसून होते, आता ती वाजते. जेवणात तिखट जास्त वाटले तर वाढप्यांना सांगावे, दही ठेवले आहे.

हे कार्य उभे राहिले ते देणगीदारांच्या बळावर. सर्वांची नावे मांडवाच्या दारातल्या फलकावर आहेत; कोणाचे राहिले असेल तर चूक माझी समजावी. कापडबाजारातल्या माझ्या बांधवांनी मांडवाचे कापड दिले. अडत व्यापाऱ्यांनी गहू, तांदूळ, डाळ दिली. चर्चच्या महिला मंडळाने ताटे-वाट्या दिल्या, त्या मंडळातल्याच बायका पहाटे चारपासून स्वयंपाकघरात आहेत. शाळांनी बाके दिली, सुतारांनी मंच मजुरी न घेता बांधला. आणि एका वृद्ध शिक्षिकेने आपल्या पेन्शनमधली पाचशे रुपयांची पावती फाडली, नाव लिहायचे नाही या अटीवर. बाई, आपण मागच्या रांगेत बसला आहात, नाव घेत नाही, पण नमस्कार स्वीकारा.

किल्ल्याची बस उद्या सकाळी आठ वाजता मांडवापासून सुटेल. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवावे. आता उद्घाटक महोदयांनी समई लावावी, अशी मी त्यांना विनंती करतो.