गटाचा जुना कम्प्युटर: रॅम वाढवायची की नवाच घ्यायचा?

कामठीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या गटाचा कम्प्युटर दहा वर्षांचा आहे. बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, मिटिंगचे कागद, सगळं त्याच्यावरच. यंदा तो इतका मंदावला की बटण दाबून चहा मांडावा, चहा पिऊनही व्हावा, तरी पडद्यावर चकरी फिरतेच आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, याच्यात दम नाही, नवाच घ्या." 28 हजार सांगितले. पैसे गटाकडे होते, पण ते पेरणीच्या कर्जाचे. जूनमध्ये बियाण्याला पैसे मागायला आलेल्या बाईला काय सांगायचं, कम्प्युटर घेतला म्हणून?

मिटिंगमध्ये यावरून चांगलीच बोलाचाली झाली. शेवटी एकीच्या कॉलेजातल्या लेकीनं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. आपली रोजची कामं उघडी ठेवून त्यात मेमरीचा आकडा बघायचा. आमचा 90 टक्क्यांच्या खाली येतच नव्हता. डिस्कही सारखी 100 वर. असं का? ओटा लहान असला की भांडी जमिनीवर मांडावी लागतात, दर वेळी वाकून उचलावी लागतात. रॅम म्हणजे ओटा. ती पुरली नाही की कम्प्युटर डिस्कवर सामान ठेवतो आणि तिथेच वेळ जातो. पण मेमरी मोकळी असून नुसती डिस्कच अडकत असेल, तर रॅम घेऊन उपयोग नाही. तिथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी.

बर्डीवर जाताना आम्ही कम्प्युटर सोबतच नेला. बरं झालं. आमच्यात डीडीआर3 रॅम लागते; डीडीआर4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. विंडोज 32 बिटची असेल तर 4 जीबीच्या वर रॅम टाकूनही कामी येत नाही, हेही आधी बघा. आमची 64 बिटची, एक जागा रिकामी. 4 ची 8 जीबी केली, दुकानातच चालवून पाहिली, मग पैसे दिले. तीन हजारांच्या आत भागलं.

एक गोष्ट मात्र रॅमनं सुटली नाही. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला, आणि आमचं मशीन विंडोज 11 घेत नाही. म्हणून बँकेचं काम आम्ही त्याच्यावर बंद केलं. फक्त हिशेब आणि प्रिंट, आणि दर शनिवारी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून अध्यक्षताईंकडे. तुमच्या गटाचे पैशाचे व्यवहार त्याच मशीनवरून होत असतील, तर आम्ही म्हणू, जुन्यात पैसे घालू नका.

आमच्यातल्या दोघी अजूनही नव्यावरच अडून आहेत. दिवाळीनंतरच्या मिटिंगला तो विषय पुन्हा ठेवलाय.