कानबाईच्या खोलीत कोणता कॅमेरा?

(जळगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो मेगापिक्सेलचा. त्याचा निकाल आधीच लावून टाकू. लग्नाच्या मोठ्या अल्बमचं पान धरा बारा इंच बाय अठरा इंच. इंचाला ३०० ठिपके हा चांगल्या छपाईचा हिशेब. त्याप्रमाणे त्या पानाला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. आज लेन्स बदलता येणाऱ्या अगदी साध्या कॅमेऱ्यातही २० ते २४ मेगापिक्सेल असतात. भिंतीवरचा याहून मोठा फोटो माणूस चार पावलं लांबून पाहतो, त्यालाही तेवढे चालतात. तेव्हा या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

विचारायला हवं ते वेगळंच. फोटो काढायचा तिथे उजेड किती असणार? आणि समोरचं हलणार आहे का? या दोन गोष्टी एकदा ठरल्या की कॅमेरा आणि रोजची लेन्स निम्म्याहून अधिक ठरून जाते. खानदेशात आणि आसपास तर त्याचे दाखले हाताशीच आहेत.

पहिला दाखला चाळीसगावचा. केकी मूस (१९१२–१९८९) हे इंग्लंडात कला शिकून आलेले पारशी चित्रकार आणि छायाचित्रकार. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात त्यांनी आयुष्याची कित्येक दशकं जवळजवळ उंबरठा न ओलांडता काढली. त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणामुळे. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडायच्या, दिवा इकडचा तिकडे करायचा, आणि पाहणाऱ्याला आख्खा देखावा उभा करून दाखवायचा. त्यांचा संग्रह आज चाळीसगावच्या कलादालनात पाहायला मिळतो. जळगावच्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने नवा कॅमेरा घेण्याआधी तिथे एक दुपार घालवावी, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

मूसांच्या टेबलावर काहीही हलत नव्हतं आणि वेळ सगळा त्यांचा होता. असं काम असेल तर शटर पाच सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. आपल्या सराफ बाजारात दागिन्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्यांचं काम याच जातीचं आहे. त्यांनी महागड्या कॅमेऱ्यामागे लागू नये. जुन्या बाजारातला दहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा, भक्कम ट्रायपॉड, एक मॅक्रो लेन्स आणि पांढऱ्या पडद्याआडचा दिवा एवढ्यावर अंगठीचा खडा लख्ख येतो.

दुसरा दाखला अजिंठ्याचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचं काम दिलं. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे गिल कॅमेऱ्याकडेही वळला होता. त्याच्या छायाचित्रांचं लेण्यांवरचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघालं. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे.

गिलच्या काळात लेण्याच्या पोटात फोटो काढणं म्हणजे उजेडासाठीची झुंज होती. आज पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहिलं तरी अडचण तीच. दिवे मंद, फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला परवानगी लागते. चित्र मात्र हलत नाही, हलतो तो आपला हात. म्हणून इथे स्थिरीकरणाचा उपयोग होतो. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या अंगात ती सोय असली, की श्वास रोखून एक अष्टमांश सेकंदाचा फोटोही हातात धरून स्पष्ट येऊ शकतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स बहुधा स्थिरीकरणाची असते. अजिंठ्यात ती सहसा निराश करत नाही.

आता तिसरा दाखला. रोजच्या लेन्सची खरी परीक्षा इथेच होते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. खोली दहा बाय बाराची, निम्मी माणसांनी भरलेली. चौरंगावर कानबाई, समोर समई, वर एखादा पिवळा बल्ब. कोणी ओवाळतंय, कोणी वाकून पाया पडतंय, मांडीवरचं पोर हात नाचवतंय. फ्लॅश मारला की समईचा सगळा उजेड पुसला जातो आणि कानबाईचा मुखवटा पांढराफटक दिसतो. शिवाय चालू गाण्यात डोळ्यांवर झोत मारणं बरंही दिसत नाही. अजिंठ्यात कामी आलेलं स्थिरीकरण इथे फारसं कामाचं नाही, कारण आपला हात स्थिर राहिला तरी काकूंचा आरतीचा हात थांबत नाही. तो पकडायला निदान एक साठांश सेकंद हवा, शंभरांश असला तर उत्तम.

मग उजेड आणायचा कुठून? लेन्सच्या तोंडातून. किट लेन्स या कामाच्या कोनात साधारण एफ ४ पर्यंत उघडते. एफ १.७ ची लेन्स तिच्या साडेपाचपट उजेड आत घेते. म्हणजे जो फोटो मोठ्या तोंडाच्या लेन्सने १६०० आयएसओवर (म्हणजे सेन्सरच्या तेवढ्या संवेदनशीलतेवर) निघतो, त्यासाठी किट लेन्सला जवळजवळ ९००० लागेल. १६०० वर नऊवारीचा काठ टिकतो. ९००० वर त्यात रवाळपणा शिरतो आणि काठाची जर विरघळून जाते.

याला किंमत मोजावी लागते. एफ १.७ वर आठ फुटांवरचा फोटो घेतला, तर २४ मिमीच्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वादोन फुटांचा असतो. कानबाई आणि तिच्या बऱ्याच पुढे बसलेली आजी, दोघी एकदम स्पष्ट येणार नाहीत. फोकस कोणावर, हे ठरवावं लागतं. चालेल, ठरवावं.

इथेच पुष्कळ जण फसतात. सगळे सांगतात, ५० मिमी एफ १.८ घ्या, स्वस्त आणि मस्त. सल्ला जुना आहे आणि ३५ मिमी फिल्मच्या काळात बरोबर होता. त्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर तेवढाच असतो. पण आपल्यातले बहुतेक जण घेतात तो कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, रुंदी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर, कॅननचा त्याहून किंचित लहान. आठ फुटांवरून फुल फ्रेमवर ५० मिमीच्या लेन्समध्ये पावणेसहा फूट रुंदी मावते. तीच लेन्स एपीएस-सीवर लावली की पावणेचार फूट. म्हणजे कानबाई येते, तिच्या बाजूला बसलेल्या सासू-सुना चौकटीबाहेर. मागे सरकायचं म्हटलं तर पाठीला भिंत. ही लेन्स वाईट मुळीच नाही, एकट्या माणसाचा चेहरा टिपायला ती फार गोड आहे. पण घरात वावरायला एपीएस-सीवर २३ ते ३५ मिमीच हवी. ३० मिमीत आठ फुटांवरून सव्वासहा फूट मावतात, २४ मिमीत पावणेआठ.

अशा लेन्स आता बहुतेक कंपन्यांकडे आहेत. निकॉनची झेड माउंटची २४ मिमी एफ १.७ (२०२३) अवघी १३५ ग्रॅमची. सिग्माची ३० मिमी एफ १.४ बराच काळ अनेकांची आवडती आहे. सोनीच्या ३५ मिमी एफ १.८ मध्ये स्थिरीकरणही आहे. फुजीची २३ मिमी एफ २ थोडा कमी उजेड घेते, पण आटोपशीर. कॅमेऱ्यांत निकॉन झेड ५०, कॅनन आर १०, सोनी ए ६४०० यांच्या अंगात स्थिरीकरण नाही. कॅनन आर ७ आणि फुजी एक्स-एस २० मध्ये आहे. कानबाईसाठी त्याने फरक पडत नाही, अजिंठ्यासाठी पडतो.

एकूण पैसे मर्यादित असतील तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. कॅमेरे चार-पाच वर्षांत जुने होतात. चांगली लेन्स तीन कॅमेरे पाहते.

उघड्यावरचं काय? रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, तापीकाठी, लळिंगच्या किल्ल्यावर भर दुपारी उजेड इतका असतो की कुठलाही कॅमेरा चालतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उधळलेला घोडा टिपायचा तर मात्र लांब पल्ल्याची लेन्स आणि झपाट्याने फोकस पकडणारा कॅमेरा लागेल. ते काम रोजच्या लेन्सचं नाही, त्यासाठी रोजची लेन्स बदलू नये. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत लेन्स सारखी काढ-घाल केली की सेन्सरवर कण बसतात आणि निळ्या आभाळात काळे ठिपके उमटतात. एकच लेन्स लावून ठेवण्याचा हाही फायदा आहे.

घरात जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल तर घाईने विकू नये. कॅनन आणि निकॉन यांनी आता लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर दिलं असलं, तरी जुना कॅमेरा त्यामुळे वाईट फोटो काढू लागत नाही. निकॉनवाल्यांनी एक पाहावं. जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटार नसेल, तर ती आरसा नसलेल्या झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टरने बसते, पण आपोआप फोकस करत नाही.

दुकानात गेल्यावर प्रखर दिव्याखाली फोटो काढून समाधान मानू नका. दुकानदाराला विनंती करून आतल्या, कमी उजेडाच्या खोलीत उभे राहा. सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगा, आयएसओ ३२०० वर चार फोटो काढा आणि पडद्यावर पूर्ण मोठे करून डोळ्यांच्या पापण्या पाहा. जुनी लेन्स घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्या. पक्कं बिल घ्या, त्यावर कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचे क्रमांक लिहून घ्या, भारतातली वॉरंटी आहे याची खात्री करा. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि त्यांचा रंग बदलला की पुड्या वाळवून किंवा बदलून घ्या.