'स्टेशन' शब्दाची कूळकथा



चंद्रपूर शहराच्या उत्तरेस ऊर्जानगर ही वसाहत आहे. तिला लागून असलेल्या कारखान्याचे मराठी नाव 'महाऔष्णिक विद्युत केंद्र' आणि इंग्रजी नाव 'सुपर थर्मल पॉवर स्टेशन' असे आहे. येथील पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३ साली सुरू झाला. पहिले दोन संच पुढे बंद करण्यात आले. उरलेल्या सात संचांची क्षमता २९२० मेगावॅट आहे. या वसाहतीतील मूल 'पॉवर स्टेशन' हा शब्द बोलू लागल्यापासून ऐकत असते. वर्गात मात्र फळ्यावर लिहिले जाते : स्टेशन म्हणजे आगगाडी थांबण्याची जागा. मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो, आपल्या स्टेशनात उतारू का उतरत नाहीत? कोळशाच्या वाघिणी आत जाताना तर दिसतात! मुलाचा हा गोंधळ बावळटपणाचा नव्हे. एका शब्दास एकच प्रतिशब्द देऊन मोकळे होण्याची जी सवय अध्यापनात रुजली आहे, तिचा तो परिणाम होय.

मूळ शब्द लॅटिन भाषेतील 'स्तातिओ' हा आहे. 'स्तारे' म्हणजे उभे राहणे, या धातूपासून तो झाला. उभे राहणे, उभे राहण्याची जागा, पहारेकऱ्याची नेमून दिलेली जागा, सैनिकांची चौकी आणि जहाजे नांगरण्याचे ठिकाण असे त्याचे अर्थ रोमन काळीच होते. फ्रेंच भाषेच्या द्वारे तो इंग्रजीत आला, तेव्हा आगगाडी स्वप्नातही नव्हती. आगगाडीचा अर्थ एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे या घराण्यातील अगदी धाकटा; पण आज तोच थोरला होऊन बसला आहे.

मूळ अर्थ ध्यानात घेतला की बाकीचे अर्थ आपोआप जागेवर बसतात. अमुक कामासाठी नेमलेली, कायम उभी असलेली जागा ती स्टेशन. तेथे शिपाई उभे असतील तर पोलीस स्टेशन, यंत्रे उभी असून वीज निर्माण होत असेल तर पॉवर स्टेशन, ध्वनिक्षेपण होत असेल तर रेडिओ स्टेशन. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे अधिकारी जेथे राहत त्या गावासही 'स्टेशन' म्हणत. उन्हाळ्यात ते डोंगरावर जाऊन राहू लागले तेव्हा 'हिल स्टेशन' हा शब्द रूढ झाला. विदर्भातील चिखलदरा त्यांपैकीच. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणास स्टेशन म्हणतात. ख्रिस्ती चर्चमध्ये येशूच्या अखेरच्या वाटचालीची चौदा चित्रे असतात, त्यांनाही हेच नाव आहे. शासकीय सेवकास ठाऊक असलेली 'स्टेशन सोडण्याची परवानगी' ही त्याच जुन्या पहारेकऱ्याची आठवण होय! मराठीत आपण तिला मुख्यालय सोडण्याची परवानगी म्हणतो. मुख्यालयाचा विषय निघाला की शिक्षकवर्गात चुळबुळ सुरू होते, म्हणून तो येथेच सोडलेला बरा.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक कथा 'स्टेशनरी'ची आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. विद्यापीठांच्या आवारात पुस्तके विकणाऱ्यांची दुकाने मात्र एका जागी स्थिर असत, म्हणून त्यांना 'स्टेशनर' हे नाव पडले. लंडनमधील या व्यावसायिकांच्या संघास १५५७ साली राजाज्ञेने सनद मिळाली. स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी. इंग्रजीत 'स्थिर' या अर्थाचा उच्चाराने जवळजवळ असाच शब्द आहे. शेवटून तिसरे अक्षर 'ए' असले तर स्थिर, 'ई' असले तर लेखनसामग्री. या जोडशब्दांचे स्पेलिंग पाठ करून घेताना ही हकीकत सांगितली, तर मुलांच्या ध्यानात ते अधिक राहील.

आता मराठीकडे वळू. लॅटिन 'स्तारे' आणि संस्कृत 'स्था' हे एकाच प्राचीन मूळ धातूचे वंशज आहेत. या भाषांचा उगम एक असावा, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात मांडले आणि पुढील संशोधनाने ते दृढ झाले. 'स्था'पासून स्थान, स्थिती, संस्था, अवस्था हे शब्द झाले. 'स्थान' प्राकृतात 'ठाण' झाले व त्यातून मराठीत 'ठाणे' आले. ठाण मांडून बसणे, ठाणे बसविणे हे वाक्प्रचार आपल्या बोलण्यात आहेतच. विदर्भात पोलीस अधिकाऱ्यास आजही ठाणेदार म्हणतात. म्हणजे रोमन सैनिकाची स्तातिओ आणि मराठ्यांचे ठाणे हे केवळ अर्थाने नव्हे, रक्तानेही भाऊबंद आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली उतारूंची गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यास पोहोचली. त्या नगरीचे शिलाहारकालीन नाव 'श्रीस्थानक'. ज्या गावाच्या नावाचा अर्थच स्टेशन, तेथे पहिल्या गाडीने मुक्काम करावा, हा योगायोग मोठा गोड आहे. ग्रामीण बोलीने 'टेसन' असे रूप करून तो शब्द घरात घेतला, तो काही परका पाहुणा नव्हता.

उलट 'केंद्र' हा शब्द पाहा. पॉवर स्टेशनला शुद्ध देशी नाव म्हणून 'विद्युत केंद्र' योजले गेले. परंतु 'केंद्र' हा संस्कृतात ग्रीक भाषेतून आलेला शब्द आहे. 'केंत्रॉन' म्हणजे बैलास टोचण्याची अणकुचीदार पराणी. त्यावरून कर्कटकाचे रोवलेले टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्यबिंदू. ग्रीक ज्योतिषगणिताबरोबर तो भारतात आला. परका म्हणून ज्यास दूर सारले तो सोयरा निघाला, आणि आपला म्हणून ज्यास बसविले तो पाहुणा! अर्थात दोन हजार वर्षे राहिलेल्या पाहुण्यास घरचाच म्हणावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यात ही सारी गुंतागुंत अधिकच जाणवते. तेथील खेड्यातल्या मुलास आरोग्य केंद्र, अंगणवाडी केंद्र, धान खरेदी केंद्र, पोलीस मदत केंद्र आणि आपली शाळा ज्या गटात मोडते ते केंद्र, एवढी केंद्रे परिचित असतात. वर्तुळाचे केंद्र भूमितीच्या पुस्तकात त्यानंतर भेटते. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. भामरागड-एटापल्लीकडील माडिया मुलाची घरची भाषा द्राविडी कुळातील आहे. 'स्था' धातूचे नाते त्याच्या कामाचे नाही. त्याला ठाणे आणि स्टेशन हे दोन्ही शब्द सारखेच नवे. त्यातून भामरागडला रेल्वे नाही. अशा वर्गात आगगाडीच्या चित्रापासून पाठ सुरू करणे म्हणजे न पाहिलेल्या वस्तूच्या आधाराने न ऐकलेला शब्द शिकविणे होय. तेथे मुलाने जे स्टेशन पाहिले असेल त्यापासूनच आरंभ करावा, आणि तेथे कोण उभे असते, कोणत्या कामासाठी उभे असते, हे त्याच्याच भाषेत विचारावे. वडसा येथील मूल रेल्वेपासून सुरुवात करील, ऊर्जानगरचे चिमणीपासून. ही उत्तरे एका तक्त्यावर लिहून वर्गात टांगावी व वर्षभर नवा अर्थ आढळेल तसा त्यात भर घालण्यास मुलांनाच सांगावे. तक्त्यासाठी लागणारा कागद व रंगीत खडू शाळेच्या स्टेशनरीतून घ्यावेत, आणि हा शब्दही त्याच तक्त्यावर लिहावा.