रुपयाएवढी जागा



मधुमेहावर व्याख्यान म्हटले की गोडधोड आणि भात यांचीच चर्चा होणार, अशी आपली समजूत असते. मी आज त्याहून लहान विषय घेतला आहे. यंत्राच्या पट्टीखाली मुलाची जी रुपयाएवढी कातडी झाकली जाते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

१९२२ साली टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि मुलांच्या मधुमेहाचा इतिहास पालटला. आज दंडावर सेन्सर बसतो. त्याचा बारीक तंतू कातडीखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. पोटावर बसविलेल्या नळीतून पंप इन्शुलिन पुरवितो. ही नळी दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. म्हणजे वर्षातून शंभराहून अधिक वेळा पट्टी लावायची आणि काढायची! थोराची कातडीही तक्रार करील. मग मुलाचे काय?

एका नऊ वर्षांच्या मुलीच्या दंडावर मी पाण्याचे बारीक फोड पाहिले. तीन आठवडे खाज सुटत होती, पण पोरीने चकार शब्द काढला नव्हता. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "आईला सांगितलं असतं तर तिनं यंत्र काढलं असतं. मग पुन्हा सारखी बोटं टोचायची!" त्या दिवसापासून मी आधी मुलाला विचारतो, मग पट्टी पाहतो.

आता काळजी कशी घ्यावी? आपल्याकडे मुलांना तेल चोळून न्हाऊ घालण्याची चांगली चाल आहे. परंतु तेलकट अंगावर पट्टी टिकत नाही. त्या दिवशी तेल नको. जागा साबणाने धुवावी, कोरडी करावी, मगच पट्टी लावावी. वैशाखात घामाने पट्टी सुटते, म्हणून अंग पूर्ण निवू द्यावे. दर वेळी जागा बदलावी. एकाच ठिकाणी इन्शुलिन गेले की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात, आणि तेथून ते कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. काढताना मात्र तेच तेल उपयोगी पडते. कडेला थोडे लावावे, एका हाताने कातडी दाबून धरावी आणि पट्टी सावकाश सोडवावी. झटका देऊ नये.

पट्टीखाली नुसती लाली आली आणि दोन-चार दिवसांत गेली, तर ती बहुधा ओरखड्यासारखी इजा असते. परंतु खाज, फोड, कडेबाहेर पसरणारे चट्टे, आणि प्रत्येक नव्या पट्टीबरोबर तेच, असे असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. २०१७ साली बेल्जममधील त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांचा शोध घेतला, तेव्हा सेन्सरमधील आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे द्रव्य त्यामागे आढळले. अशा वेळी हळद, लिंबू यांचे प्रयोग करू नयेत. त्वचारोगतज्ज्ञ चाचणी करून द्रव्य ओळखतात. मग दुसऱ्या बनावटीचे यंत्र निवडता येते. जागा गरम लागली, ठणकू लागली किंवा पू आला, तर नळी काढून दुसरीकडे बसवावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट मात्र कोणीही विसरू नये. खाजेला कंटाळून पंप काढला आणि इन्शुलिनची दुसरी सोय केली नाही, तर काही तासांतच रक्तात आम्ल साचू लागते. ते जिवावर बेतू शकते. पंप उतरवावा, इन्शुलिन थांबवू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेले इंजेक्शन घरात तयार असावे.

मुलाला हे यंत्र पुढे वर्षानुवर्षे वागवायचे आहे, आणि कातडी त्याला एकच मिळाली आहे. तेव्हा आज रात्री घरी गेल्यावर, साखरेचा आकडा पाहण्याआधी, त्याला एवढेच विचारा, "बाळ, खाजतं का रे?" आणि तो काय सांगतो ते रागावल्यावाचून ऐकून घ्या.