प्रश्न कोण मांडतो?

(निलंगा येथील शेतकरी-कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



सत्तेचा विचार करताना आपण निर्णय कोणी घेतला, एवढेच पाहतो. वस्तुतः खरी सत्ता त्याआधीच वापरली गेलेली असते. कोणता प्रश्न सरकारच्या मेजावर यायचा आणि कोणता दाराबाहेर तिष्ठत राहायचा, हे ज्याच्या हाती असते, त्याला निर्णयाची फारशी चिंता करावी लागत नाही.

आपल्या सोयाबीनचेच उदाहरण घ्या. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला १० हजारांच्या घरात गेला. तोवर बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकून झाला होता. तरी नव्या पिकाला बरे दाम येतील, ही आशा शिवारात होती. त्याच सुमारास पेंड महागली म्हणून कुक्कुटपालन उद्योगाच्या संघटनांनी दिल्लीकडे धाव घेतली आणि २४ ऑगस्टला केंद्राने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. ही पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. जे वाण आपल्या रानात पेरण्यास मनाई, त्याची पेंड बंदरात मात्र चालली! ऐन काढणीच्या तोंडावर भाव कोसळले.

कोंबडीपालकाची अडचण खोटी होती, असे मी म्हणणार नाही. परंतु खाद्य स्वस्त कसे होईल, हा राष्ट्राचा प्रश्न ठरला. पेरणाऱ्याचा भाव कसा टिकेल, हा प्रश्नच ठरला नाही.

पुढचा अनुभवही बोलका आहे. २०२४मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्याही खाली होता. सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. सहा महिने उलटताच, ३० मे २०२५ रोजी, तेच शुल्क १० टक्क्यांवर आले. शहरातल्या गृहिणीला तेल परवडले पाहिजे, हे मान्य. पण त्या स्वस्ताईची किंमत दर वेळी शेतकऱ्यानेच का भरावी?

आपण पाच वर्षांतून एकदा मेजाजवळ जातो. उद्योगपती तेथे बारमाही बसलेले असतात. त्यात २०१७मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि २०१८मध्ये निनावी निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरविल्या. पेंडीच्या परवानगीमागे देणगी होती, असा माझा आरोप नाही; परंतु देणारा कोण हे झाकलेले असेल, तर मागणारा कोण हे जनतेने ओळखावे कसे?

म्हणून केवळ भाववाढ मागून भागणार नाही. आयात-निर्यातीचा प्रत्येक निर्णय होण्यापूर्वी तो कोणी मागितला, त्याचे अर्ज प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि पिकविणाऱ्यांची जाहीर सुनावणी झाली पाहिजे. हा ठराव तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेत मांडा. उत्तर आपल्याला अनुकूल मिळेलच असे नाही. निदान प्रश्न तरी आपला असू द्या.