यंत्र आणि आपले डोळे

वाशीमचा तरुण नोकरीसाठी विमानाने जातो, तेव्हा बराच वेळ ते विमान स्वयंचलित यंत्रणाच चालवीत असते. त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगलोरला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ पैकी ९२ जण दगावले. इंजिने बिघडलेली नव्हती. उतरताना यंत्रणा अशा पद्धतीवर होती, की इंजिने मंदच राहावीत. वेग घटत गेला, आणि वेगाकडे वेळीच कोणाचे लक्ष गेले नाही. (कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या मुलांना मी आधी अंदाज विचारतो, तो याचसाठी.) अखेरीस वैमानिकांनी पूर्ण जोर दिला, पण मंद इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढी उंची उरली नव्हती.