पहिली ट्रायथलॉन : ध्येय किती मोठं ठेवायचं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून दिला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ट्रायथलॉनपटू’ असं छापलं आहे. हे सचिवसाहेबांचं प्रेम. खरं सांगायचं तर मी आजवर दोनच स्पर्धांना गेलो. पहिली अर्धवट सोडून परत आलो आणि दुसरीत शेवटून चौथा आलो. म्हणून मी आज जिंकण्याबद्दल बोलणार नाही. पहिल्या वेळी ध्येय किती ठेवावं, एवढ्यावरच बोलणार आहे. हे आत्ताच बोलायचं कारणही आहे. आपल्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधल्या पाच जणांनी यंदा थेट गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला नाव नोंदवायचं ठरवलं आहे. त्यांचा उत्साह मला मोडायचा नाही. फक्त तो पाण्यात उतरण्याआधी जरा मोजून घ्यावा, एवढीच विनंती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा त्यातच धरतात. या खेळाचे चार मुख्य प्रकार आहेत. सर्वांत लहान स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. त्याच्या बरोबर दुप्पट म्हणजे ऑलिंपिक अंतर : दीड किलोमीटर, ४०, १०. मग हाफ आयर्नमॅन : १.९ किलोमीटर, ९०, २१.१. आणि पूर्ण आयर्नमॅन त्याच्या दुप्पट, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ला पहिल्यांदा जी स्पर्धा झाली, ती यातली हाफ.

एक योगायोग सांगतो. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली ती सिडनीला, २००० साली. आपल्या सोसायटीची नोंदणीही त्याच वर्षीची. तेव्हाची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना आठवत असेल. पहिल्या वर्षी आपण काय ठरवलं होतं? बोअरवेल आणि रस्त्यावर मुरूम. बस. वॉल कंपाउंडला पुढे चार वर्षं लागली आणि हे सभागृह तर २०१४ला झालं. पहिल्याच आमसभेत कोणी सभागृह, बाग आणि मंदिर एकदम मागितलं असतं, तर वर्गणीच गोळा झाली नसती आणि आपण आजही टँकरची वाट पाहत बसलो असतो. आपल्या ले-आउटला जे कळलं, ते मला स्वतःच्या बाबतीत कळलं नाही.

आता माझी फजिती. २०२२ साली माझं वय ४७. रोज आठ-दहा किलोमीटर धावायचो, रविवारी सायकलवर साकोलीच्या दिशेने जाऊन यायचो. पोहणं लहानपणी गावच्या मामा तलावात शिकलेलं. मनात म्हटलं, स्प्रिंट-बिंट पोरांसाठी, आपण सरळ हाफ करू. पैसे भरले आणि त्याच दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं. तुमच्या सगळ्यांचे अंगठे आले, हार आले, फटाके आले. त्यानंतर माघार घ्यायची सोयच राहिली नाही.

चार महिने रविवारी नागपूरला जाऊन तलावात पोहायचो. पंचवीस मीटर झाले की भिंत धरायची, दम घ्यायचा, परत निघायचं. अंतर पूर्ण व्हायचं, म्हणून मी खूश. स्पर्धेच्या दिवशी मोठ्या पाण्यात शे-दीडशे माणसांबरोबर उतरलो. दोनशे मीटरवर भिंतीची सवय असलेला हात भिंत शोधायला लागला. भिंत कुठून येणार? खाली तळ दिसत नाही, कोणाची तरी लाथ चष्म्यावर बसली, नाकातोंडात पाणी गेलं. श्वास असा अडकला की पोहणंच विसरलो. जीवरक्षकाची होडी जवळ होती म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. यात आयोजकांची काहीच चूक नव्हती. चूक माझी, कारण मी ध्येय स्वतःच्या ताकदीवरून नाही, दुसऱ्यांच्या फोटोंवरून ठरवलं होतं.

परत आलो तेव्हा गेटवर वॉचमनभाऊंनी विचारलं, “सर, मेडल कुठी हाय जी?” मी बॅग उचलली आणि सरळ वर गेलो. आठ दिवस ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. घरी बायकोने एवढंच विचारलं, “पुढच्या वेळी जायच्या आधी मला सांगाल का, तुम्हाला नेमकं काय करायचं आहे?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेच उत्तर शोधता शोधता पुढचं सगळं शिकलो.

पहिली गोष्ट. ध्येय ठरवण्याआधी स्वतःला मोजा. एक महिना नुसतं मोजा. न थांबता किती मीटर पोहता येतं? १०० मीटरला किती मिनिटं लागतात? सायकलचा सरासरी वेग किती? ५ किलोमीटर बोलत-बोलत धावता येतं का? हे आकडे वहीत लिहा, घड्याळातल्या सर्वांत चांगल्या दिवसाचे नाही, रोजचे लिहा.

माझंच उदाहरण घ्या. तलावात मला १०० मीटरला ३ मिनिटं लागत. म्हणजे ७५० मीटरला साडेबावीस. मोकळ्या पाण्यात भिंतीला पाय मारून पुढे जाता येत नाही आणि मान वर काढून दिशा बघावी लागते, म्हणून मी २७ मिनिटं धरली. सायकल ताशी २२च्या वेगाने, २० किलोमीटरला ५५ मिनिटं. नुसतं ५ किलोमीटर धावायला मला ३५ मिनिटं लागतात, पण सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, म्हणून ३९. दोन्ही वेळच्या कपडे-बुटांचे मिळून ७. बेरीज १२८ मिनिटं, म्हणजे २ तास ८ मिनिटं. मी वहीत लिहिलं : सव्वादोन तास.

आता हाच हिशोब गोव्याला लावून बघा. अशा हाफ स्पर्धेत पोहण्याला साधारणपणे १ तास १० मिनिटांची मर्यादा असते, आणि सगळं मिळून साडेआठ तासांची. माझ्या वेगाने १.९ किलोमीटरला तलावातच ५७ मिनिटं लागतात. मोकळ्या पाण्याची तीच वाढ धरली तर ६८ मिनिटांच्या वर. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी मर्यादेच्या जेमतेम दोन मिनिटं आत, आणि पुढे ९० किलोमीटर सायकल उभीच आहे! हा हिशोब मी २०२२ला मांडला असता, तर फॉर्मच भरला नसता. आपल्या पाच जणांनी आज रात्री घरी जाऊन तो मांडावा. आकडे म्हणाले ‘जा’, तर मी स्वतः बसस्टँडवर सोडायला येईन.

दुसरी गोष्ट. ध्येय एक ठेवू नका, तीन ठेवा आणि उतरंडीसारखे एकावर एक ठेवा. सर्वांत खालचं म्हणजे न घाबरता, न पडता, धडधाकट घरी येणं. त्यावर, दिलेल्या वेळेत शेवटची रेषा ओलांडणं. वेळेचं ध्येय सर्वांत वर, तेही एक आकडा नको, पल्ला हवा. माझा होता २ तास ५ मिनिटं ते २ तास २०. खालचं मडकं पक्कं नसेल तर वरचं ठेवायचंच नाही. नंबराचं ध्येय पहिल्या वेळी नकोच, कारण शेजारी किती वेगाने पोहतो ते आपल्या हातात नसतं.

मिलिंद सोमण यांचं नाव सगळे घेतात. त्यांनी २०१५ साली झ्युरिकला पूर्ण आयर्नमॅन केली, पन्नाशीला आलेले असताना, १५ तास १९ मिनिटांत. व्यावसायिक खेळाडू हेच अंतर आठ-नऊ तासांत कापतात. पण त्यांचा कितवा नंबर आला, हे कोणी विचारतं का? पूर्ण केली, हेच लोकांच्या लक्षात राहिलं. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. त्यांची सुरुवात जिथून झाली, तिथून आपली होत नाही.

आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ला सायकलवर मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून मोठी शर्यत पूर्ण केली. ती शर्यतसुद्धा १५ टप्प्यांत विभागलेली होती. एवढ्या तयारीच्या माणसालाही रस्ता टप्प्याटप्प्यानेच कापावा लागतो, मग आपण कोण?

तिसरी गोष्ट, सरावाची. स्पर्धेचं ध्येय दूर असतं, आठवड्याचं जवळ हवं. साधं धावता, चालवता येत असेल आणि २०० मीटर न थांबता पोहता येत असेल, तर स्प्रिंटसाठी बारा ते सोळा आठवडे धरा. प्रत्येक प्रकार आठवड्यातून दोनदा, एक दिवस पूर्ण आराम. दर चौथ्या आठवड्यात सराव कमी करा. पंधरवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटं धावा, म्हणजे त्या लाकडी पायांची ओळख होते. २०० मीटर पोहता येत नसेल, तर यंदाचं ध्येय ट्रायथलॉन नाही, पोहणं हेच. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भागापुरतं थोडं बोलतो. भंडारा तलावांचा जिल्हा. म्हणून कुठेही उड्या टाकायच्या, असं नाही. जुन्या मालगुजारी तलावांत खाली गाळ आणि वेली असतात, पाय अडकतो. वैनगंगेत पावसाळ्यात उतरायचं नाही, म्हणजे नाही. मोकळ्या पाण्याचा सराव पोहणाऱ्या जाणकार माणसाबरोबरच करायचा, सोबत होडी किंवा ट्यूब आणि अंगावर रंगीत टोपी हवी. एकट्याने कधीही नाही. सायकल नागपूर-रायपूर महामार्गावर ट्रकांच्या रांगेत नको, आतले रस्ते धरा, आणि हेल्मेटशिवाय गेटबाहेर पडू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा पहाटे पाचला निघून सातच्या आत घरी. स्पर्धा निवडतानाच थंडीतली निवडा.

चाळिशी ओलांडली असेल, शुगर-बीपी असेल किंवा घरात कोणाला हृदयविकार असेल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्या दिवशी थांबायचं. थांबणं हेसुद्धा ध्येयातच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी लाज वाटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या स्प्रिंटला लाखाची सायकल लागत नाही. ब्रेक-टायर नीट असलेली घरची सायकल, हेल्मेट, पोहण्याचा चष्मा आणि मापाचे बूट पुरतात. आणि घरच्यांशी आधी बोला. सरावाचे तास आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी मुलांना शाळेत सोडतं, दूध आणतं, तेव्हा आपण धावतो. माझ्या वहीत दर रविवारी नऊनंतरचा वेळ घरचा, असं बायकोच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

२०२३च्या डिसेंबरात मी स्प्रिंटला गेलो. ग्रुपवर काही टाकलं नाही. पाण्यात सगळ्यांच्या मागे, कडेला उभा राहिलो आणि गर्दी पुढे जाऊ दिली. मध्ये दोनदा पाठीवर पडून श्वास घेतला. किनाऱ्याला हात लागला तेव्हाच माझं पहिलं ध्येय अर्धं झालं होतं. सायकल ठरल्याप्रमाणे झाली. धावताना शेवटच्या किलोमीटरला थोडं चालावं लागलं. एकूण २ तास १७ मिनिटं. माझ्या पल्ल्याच्या आत, तीन मिनिटं राखून.

गेटवर वॉचमनभाऊ होतेच. मी न विचारता मेडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “कितवा नंबर आला जी?” मी म्हटलं, “शेवटून चौथा.” ते म्हणाले, “मंग तिघं मांगं व्हते नं!”

तर त्या पाच जणांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. गोवा कुठे जात नाही. यंदा स्प्रिंट करा, पुढच्या वर्षी ऑलिंपिक अंतर आणि मग मोठं पाणी. येत्या रविवारी सकाळी सहाला गेटपाशी भेटू. वही आणि पेन सोबत आणा. पहिल्या महिन्यात आपण फक्त मोजणार आहोत.